झोपेची गोळी आणि माझं रजिस्टर

पोस्ट मोठी आहे. आज रस्ता नाही, पाणी नाही, नगरपंचायतही नाही. आजचा विषय माझ्या स्वतःच्या काउंटरचा आहे आणि त्यात चूक माझी आहे. घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर वेळ काढून वाचा.

तुमच्यापैकी बरेच जण मला ओळखतात. एसटी स्टँडच्या रस्त्याला २२ वर्षं माझं मेडिकल आहे. या २२ वर्षांत मी किती जणांना "ती झोपेची गोळी" दिली असेल याचा हिशोब माझ्याकडे नाही. खरं तर तो असायला हवा होता. कायद्यानंच असायला हवा होता. त्यावर येतोच.

ती गोळी म्हणजे अल्प्राझोलाम. छोटीशी, बहुतेक वेळा पांढरी नाहीतर फिकट रंगाची. ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅम अशी मिळते. काउंटरवर तिचं खरं नाव फार कमी लोक घेतात. "टेन्शनची द्या", "झोपेची पाच द्या", "मागच्या वेळची ती बारकी". कोणी स्ट्रिपचा कापलेला तुकडा पुढे करतं, कोणी नुसतं बघून हसतं आणि मला कळतं. घेणारे कोण? निवृत्त शिक्षक, सुनेशी पटत नाही म्हणणाऱ्या सासवा, सासूशी पटत नाही म्हणणाऱ्या सुना, कर्जाच्या हप्त्यात अडकलेले शेतकरी, परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं. सगळी आपलीच माणसं. आणि त्यात एक माझी आई.

एप्रिल २०२१. दुसरी लाट. आण्णा गेले तेव्हा दवाखान्यातून घरी आणायलाही मिळाले नाहीत, हे तुमच्यातल्या अनेकांनी स्वतः भोगलंय, त्यावर जास्त लिहीत नाही. ४६ वर्षांचा संसार. त्यानंतर आई रात्र रात्र बसून राहायची. दिवा बंद केला की छातीत धडधड, हातापायाला घाम. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी काढला आणि चिठ्ठी लिहिली. ०.२५ ची अर्धी-अर्धी नाही, एक गोळी, रात्री, १० दिवस. खाली लिहिलं होतं, पुन्हा दाखवणे.

ती चिठ्ठी आजही माझ्याकडे आहे. डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं.

आम्ही पुन्हा दाखवायला गेलोच नाही. कशाला जायचं? आईला झोप लागत होती. घर शांत झालं होतं. आणि गोळी आणायला मला कुठे जावं लागत होतं? हात मागे केला की कप्पा. १० दिवसांचे २० झाले, महिन्याचं वर्ष झालं. मधे आई म्हणाली, आता पहिल्यासारखा गुण येत नाही. मी ०.५ दिली. पुढच्या वर्षी आण्णांच्या वर्षश्राद्धाच्या सुमारास तिला दिवसाही घाबरल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून सकाळी एक आणि रात्री एक. हे ठरवणारा मी. डॉक्टर नव्हतो, मुलगा होतो आणि दुकानदार होतो.

दुसऱ्या वर्षी आई रात्री बाथरूमला जाताना पडली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. फरशी ओली होती म्हणून आम्ही फरशी बदलली. बोलता बोलता शब्द विसरायला लागली, गॅसवर दूध ठेवून बाहेर बसायला लागली. वय झालं म्हणालो. गोळीकडे बोट गेलंच नाही. कारण आमच्या घरात तिला गोळी म्हणतच नव्हते. बीपीची ती गोळी, थायरॉइडची ती गोळी. ही आपली झोपेची.

२०२४ चा गणपती शनिवारी, ७ सप्टेंबरला होता. माझी मावशी कोकणात दिलेली, चिपळूणच्या पुढे. आईला दरवर्षी वाटायचं तिच्याकडे गणपतीला जावं, त्या वर्षी मनावर घेतलं. गुरुवारी सकाळी गोळ्या घेऊन एसटीनं घाट उतरून गेली. बीपीच्या, थायरॉइडच्या, कॅल्शियमच्या गोळ्या डब्यात मोजून भरलेल्या. झोपेची स्ट्रिप उशीखाली राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी मावसभावाचा फोन. तो बाजारात गणपतीचं सामान आणायला आला होता. म्हणाला, "दादा, मावशी रात्रभर झोपली नाही, तिची ती गोळी राहिलीय म्हणते. इथे मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देत नाही. काय करू?"

मी काय म्हणालो ते शब्द न शब्द आठवतंय. "राहू दे रे. साधी गोळी आहे. दोन-चार दिवस नाही घेतली तर काय होतंय? उलट सुटली तर बरंच."

त्या बाजारातल्या मेडिकलवाल्याला मी ओळखत नाही. त्यानं त्याचं काम नियमानं केलं. त्याच्याशी बोलायला पाहिजे होतं, चिठ्ठीचा फोटो, डॉक्टरांचा नंबर, काहीतरी खटपट करायला पाहिजे होती, निदान मावसभावाला तिथल्या डॉक्टरकडे पाठवायला पाहिजे होतं. दोन्हीकडचं सगळं ज्याला माहीत होतं तो एकटा मीच, आणि मी म्हणालो राहू दे.

शनिवारी गणपती बसला. आईचे हात इतके थरथरत होते की चहा बशीत सांडत होता. आरतीच्या झांजांचा आवाज सहन होईना म्हणून मागच्या पडवीत जाऊन बसली. अंगाला दरदरून घाम. सगळ्यांना वाटलं प्रवासाची दगदग, वर कोकणातली दमट हवा. रात्री ती भिंतीकडे बोट दाखवून म्हणायला लागली, मुंग्या चालल्यात, पुसून काढा. मग आण्णांना हाका. पहाटे चारच्या सुमारास हातपाय ताठ झाले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. ६८ वर्षांच्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली.

मी अंधारात कुंभार्ली घाट उतरत होतो, पाऊस होता, आणि डोक्यात एकच, लकवा. चिपळूणच्या दवाखान्यातही आधी तीच शंका घेतली. सिटी स्कॅन झाला, त्यात काही नाही. साखर बरोबर, सोडियम बरोबर. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिनं विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळ्या सांगा." मी घडाघडा सांगितलं. बीपीची नावासकट, मिलिग्रॅमसकट. थायरॉइड, कॅल्शियम.

"झोपेची वगैरे?"

"हो, म्हणजे ती एक आहे. पण ती साधीच."

"कुठली?"

नाव सांगितलं.

"किती दिवसांपासून?"

"एकवीस सालापासून."

"शेवटची कधी घेतली?"

"गुरुवारी सकाळी."

तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "काका, तुमचं स्वतःचं मेडिकल आहे ना?" एवढंच. पुढे काही बोलली नाही. नर्सला इंजेक्शन सांगितलं. आईची थरथर त्याच कुळातल्या इंजेक्शननं तासाभरात उतरली.

आता थोडं औषधाबद्दल, कारण त्या रात्रीनंतर मी पुन्हा पुस्तकं उघडली. डी. फार्मसीला शिकलो होतो, पेपरात लिहिलंही होतं. काउंटरवर बसून विसरलो होतो.

आपल्या मेंदूत गॅबा नावाचं एक रसायन असतं. त्याचं काम ब्रेकसारखं. मेंदूच्या पेशी फार जोरात चालायला लागल्या की हा त्यांना आवरतो. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड या सगळ्या एका कुळातल्या गोळ्या, बेंझोडायझेपिन कुळातल्या. त्या या ब्रेकचा जोर वाढवतात. म्हणून अर्ध्या-पाऊण तासात धडधड थांबते, अंग सैल पडतं, झोप येते. पण रोज रोज असं झालं की मेंदू स्वतः जुळवून घेतो. तो आपला ब्रेक सैल करतो आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवतो. म्हणून पहिली मात्रा पुरेनाशी होते. आणि एक दिवस गोळी अचानक बंद केली की गाडीला ब्रेकच उरत नाही. आपल्या घाटातून ज्यांनी भरलेला ट्रक उतरवलाय त्यांना जास्त सांगायला नको.

अल्प्राझोलाम या कुळात लवकर चढणारी आणि लवकर उतरणारी. तब्येतीनं धडधाकट माणसाच्या रक्तातलं तिचं प्रमाण साधारण ११ तासांत निम्म्यावर येतं, म्हाताऱ्या माणसात १६ तासांच्या आसपास. त्यामुळे दोन गोष्टी होतात. ती लवकर उतरते म्हणून दोन डोसांच्या मधेच अस्वस्थ वाटायला लागतं आणि माणसाला वाटतं आपला आजार वाढला. आईला दिवसा घाबरल्यासारखं व्हायचं ते यातलंच असणार, असं पुढे आमच्या मानसोपचार डॉक्टरांनी सांगितलं. मी मात्र त्यावर आणखी एक गोळी वाढवली होती. दुसरी गोष्ट, म्हाताऱ्या शरीरातून ती सावकाश जाते, म्हणून रात्री उठलं की तोल जातो. पडणं, हाड मोडणं, विसराळूपणा, गोंधळणं. अमेरिकेत वृद्धांसाठी शक्यतो टाळायच्या औषधांची बीअर्स नावाची यादी आहे, त्यात हे अख्खं कुळ आहे.

आम्ही फरशी बदलली होती.

हे सगळं आज कळलेलं नाही. या कुळातली पहिली गोळी १९६० साली बाजारात आली, डायझेपाम १९६३ साली. लिओ स्टर्नबाख नावाच्या शास्त्रज्ञानं रोश कंपनीत काम करताना शोधलेली. त्याआधी झोपेसाठी बार्बिट्युरेट वापरायचे, त्यात जरा जास्त झालं की माणूस दगावायचा. त्या मानानं ही औषधं फार सुरक्षित, म्हणून जगभर वाटली गेली. अल्प्राझोलामला अमेरिकेत १९८१ साली परवानगी मिळाली. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं डॉक्टरांना सांगितलं की ही औषधं दोन ते चार आठवड्यांच्या वर देऊ नका. तिथेच न्यूकॅसलमध्ये हेदर अ‍ॅश्टन नावाच्या डॉक्टरबाईंनी १२ वर्षं फक्त या गोळ्या सोडवण्याचा दवाखाना चालवला आणि हळूहळू कशा कमी करायच्या यावर पुस्तिका लिहिली. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सवय, अवलंबित्व आणि अचानक बंद करण्याचे धोके यांचा ठळक चौकटीतला इशारा या सगळ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात घालायला लावला.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. २०१५ साली तेलंगणात भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली. त्या ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम मिसळलेलं असायचं. ताडी बंद झाल्यावर निजामाबाद, महबूबनगर भागातले लोक दवाखान्यात यायला लागले. थरथर, फिट, भ्रम. आपण गोळी खातोय हेही त्यातल्या कित्येकांना माहीत नव्हतं. माझी आई निदान गोळी तरी ओळखत होती.

आता कोणी म्हणेल, एवढी वाईट असेल तर बंदीच घाला. नाही. हे मला ठासून सांगायचंय, कारण अशा पोस्ट वाचून लोक घाबरून गोळ्या गटारात टाकतात आणि मग माझ्या आईचं झालं तेच होतं.

या गोळ्या कामाच्या आहेत. थांबत नसलेली आकडी थांबवायला हेच कूळ लागतं. दारू सोडणाऱ्या माणसाला पहिल्या आठवड्यात कापरं भरतं, फिट येऊ शकते, तेव्हा जीव वाचवणारी गोळी हीच. ऑपरेशनच्या आधी घाबरलेल्या माणसाला शांत करायला हीच. धनुर्वातात आवळून आलेले स्नायू सैल करायला हीच. आणि पॅनिक अटॅक ज्यांनी पाहिलाय, आता मरतोच असं वाटणारा माणूस ज्यांनी समोर पाहिलाय, त्यांना माहीत आहे की त्या वेळी ही गोळी किती मोठा आधार असते. थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, ती चांगलं औषध आहे. लांबच्या चिंतेच्या आजारावर मात्र दुसरी औषधं आहेत, त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात पण त्यांची अशी ओढ लागत नाही. समुपदेशन आहे. तिथपर्यंत पोचायला वेळ, पैसे आणि थोडा निर्लज्जपणा लागतो, कारण मानसोपचार डॉक्टरच्या पायरीवर कोणी बघितलं तर? आमचंही तसंच झालं होतं. वेडाच्या डॉक्टरकडे आईला कशाला न्यायचं, त्यापेक्षा मागे हात करून कप्प्यातून गोळी काढणं सोपं.

दोन गोष्टींसोबत तर ही गोळी अजिबात नको. एक दारू. दुसरी अफूच्या कुळातली वेदनाशामकं, म्हणजे ट्रामाडॉल, कोडीनवाली खोकल्याची औषधं वगैरे. दोन्ही मिळून श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. गोळी घेऊन सकाळी मोटरसायकल किंवा उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनीही लक्षात घ्या, रात्रीची गुंगी सकाळी पूर्ण उतरलेली असेलच असं नाही.

आता कायद्याचं. अल्प्राझोलाम १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. त्याशिवाय १ मार्च २०१४ पासून ते शेड्यूल एच-वन मध्ये आहे. म्हणजे काय? स्ट्रिपवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो की वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणं धोक्याचं आहे, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही. मेडिकलवाल्यानं वेगळं रजिस्टर ठेवायचं, त्यात डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. डॉक्टरांनी पुन्हा द्या असं लिहिलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच द्यायचं.

हे मला सगळं पाठ होतं. आणि तरी मी जुन्या चिठ्ठीवर देत होतो, चिठ्ठीशिवाय देत होतो, पाच-पाच गोळ्या कात्रीनं कापून देत होतो. कापलेल्या तुकड्यावर कधी नाव येतं, कधी नाही. लाल चौकट तर बहुतेक माझ्याच कप्प्यात राहते.

चिपळूणहून परत आल्यावर एका रात्री शटर खाली ओढून मी माझं रजिस्टर काढलं. २०२१ पासूनची पानं चाळली. आईचं नाव एकदा आहे. मे २०२१, १० गोळ्या. त्यानंतर तीन वर्षं चार महिने तिचं नाव कुठेच नाही. कागदावर माझ्या आईनं आयुष्यात १० गोळ्या खाल्ल्या.

आपण पेपरात वाचतो, मालेगावात "कुत्ता गोळी" पकडली, छत्रपती संभाजीनगरला "बटन" विकणारी पोरं धरली. फोटो येतो, टेबलावर स्ट्रिपांचा ढीग, मागे पोलीस. आपण म्हणतो काय ही आजकालची पिढी. ती कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलामच. तीच गोळी माझ्या आईच्या उशीखाली होती, आणि तुमच्या घरातल्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात असू शकते. धाडी पडल्याच पाहिजेत. पण आपल्या घरात धाड कोण टाकणार?

आईचं पुढे काय झालं ते सांगतो. कराडला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याच कुळातल्या, पण जास्त वेळ टिकणाऱ्या गोळीवर आणलं आणि मग कमी करायला सुरुवात केली. दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी. मधे एकदा आई फारच बेचैन झाली तर महिनाभर आहे तिथेच थांबलो. शेवटी शेवटी ब्लेडनं पाव गोळी कापायचो, ती हातात भुग्यासारखी व्हायची. नऊ महिने लागले. १० दिवसांची गोळी सोडायला नऊ महिने.

त्या नऊ महिन्यांत आई आण्णांसाठी रडली. २०२१ मध्ये ती फारशी रडलीच नव्हती. आम्ही तिला रडू दिलं नव्हतं, झोपवलं होतं. आता ती रात्री उठून बसायची आणि बोलायची, लग्नाच्या वेळचं, आण्णांनी पहिली सायकल घेतली तेव्हाचं, दवाखान्यातल्या त्या शेवटच्या फोनचं. माझी मुलगी तिच्या खोलीत झोपायला गेली. आज आई पाच तास झोपते आणि झोप येत नाही अशी रोज तक्रार करते. गॅसवरचं दूध मात्र उतू जात नाही.

दुकानाचं. मागच्या दिवाळीपासून मी ठरवलं, नव्या चिठ्ठीशिवाय ही गोळी द्यायची नाही. पहिल्याच आठवड्यात आपले एक निवृत्त गुरुजी आले. मला सातवीला शिकवलेले. ११ वर्षं ही गोळी घेतात. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "गुरुजी, चिठ्ठी आणा, आता नियम म्हणजे नियम." ते काही बोलले नाहीत. काठी टेकत पलीकडे गेले आणि दोन मिनिटांत दुसऱ्या दुकानातून गोळी घेऊन घरी गेले.

रात्री जेवताना घास घशाखाली उतरेना. दुसऱ्या दुकानानं दिली नसती तर? ११ वर्षांची गोळी एका संध्याकाळी बंद झाली असती, आणि तीही माझ्या नव्यानं आलेल्या शहाणपणामुळे. म्हणजे आईचं जे केलं तेच गुरुजींचं केलं असतं, फक्त या वेळी नियमानं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. आईचं सगळं सांगितलं. त्यांना घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली, किती, कधीपर्यंत, पुढे कमी कशी करायची, सगळं. गुरुजी अजून घेतात, पण आता पहिल्यापेक्षा निम्मी, आणि दर वेळी रजिस्टरमध्ये त्यांचं नाव लागतं. आता कोणी जुना माणूस आला की मी नाही म्हणून हाकलत नाही. डॉक्टरांना फोन लावतो, त्याच दिवशी भेट घडवतो. वेळ जातो. काही गिऱ्हाइकं तुटली. एकानं दुकानात उभं राहून शिव्याही दिल्या, मी ऐकून घेतल्या.

आता चार विनंत्या, म्हणजे या पोस्टचं खरं काम.

१. आपल्या तालुक्यातल्या मेडिकल दुकानदारांना. एकट्यानं नियम पाळून काही होत नाही, माणूस पलीकडच्या दुकानात जातो. एकत्र बसून ठरवू. जुन्या पेशंटला तोडायचं नाही, डॉक्टरांकडे पोचवायचं. नव्याला चिठ्ठीशिवाय सुरूच करायचं नाही. बैठकीची जागा माझी, चहा माझा.

२. डॉक्टर मंडळींना. हात जोडून सांगतो, चिठ्ठीवर गोळी कधी संपवायची ती तारीख मोठ्या अक्षरात लिहा, आणि पेशंटला तोंडानंही सांगा. आमच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, पण आम्ही ते वाचलं नाही.

३. लोकप्रतिनिधींना आणि आरोग्य खात्याला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर जुना आहे. आपल्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या वारी मानसोपचार डॉक्टर बसले आणि तो वार गावागावांत कळला, तर निम्म्या लोकांना माझ्या कप्प्यापर्यंत यावंच लागणार नाही. पुढच्या आठवड्यात याचं लेखी निवेदन देणार आहे. सोबत यायचं असेल त्यांनी कळवा.

४. तुम्हा सगळ्यांना. आज रात्री घरातला औषधांचा डबा काढा, उशाही उचलून बघा. प्रत्येक गोळीसाठी विचारा, कोणी लिहून दिली, कधी, आणि किती दिवसांसाठी. झोपेची किंवा टेन्शनची गोळी महिन्याच्या वर चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात औषधं सांगताना तिचं नाव पहिलं सांगा. गावाला जाताना ती आधी पिशवीत टाका. आणि अचानक बंद करू नका. हात थरथरणं, घाम, भास, फिट यातलं काही दिसलं तर थेट दवाखाना गाठा, आणि गोळी कधीपासून बंद झाली ते सांगा.

मन मोकळं करायला कोणी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

कमेंटमध्ये कोणीही स्वतःच्या गोळीचं नाव टाकून "किती घेऊ, कशी कमी करू" विचारू नका. मी डॉक्टर नाही. स्वतःला डॉक्टर समजलो होतो, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.

ही पोस्ट आईला वाचून दाखवली. तिची परवानगी घेतली आहे. ऐकून ती म्हणाली, "मावशीच्या गणपतीची आरती राहिली माझी." या वर्षी तिला घेऊन मी स्वतः घाट उतरलो होतो. पहिल्या आरतीला उभी होती, झांज हातात घेऊन.